सोसायटीतली मांजरं हाकलून कमी का होत नाहीत, आणि मग करायचं तरी काय

दर दोन-तीन महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर तोच विषय निघतो. मांजरं वाढलीत, जिन्यात घाण करतात, रात्री रडतात, बाईकच्या सीटवर ओरखडे काढतात, आणि मग कोणीतरी लिहितं की वॉचमनला सांगा, गोणीत भरून मच्छी मार्केटला सोडून येईल, तिथे खायला मिळेल त्यांना. त्याखाली चार अंगठे येतात, मग पहिल्या मजल्यावरच्या काकू चिडतात की मुका जीव आहे तो, आणि भांडण सुरू. मला वाटतं दोन्ही बाजूंना हवंय ते एकच, मांजरं कमी व्हावीत आणि जी आहेत ती धड जगावीत. हे होऊ शकतं, पण हाकलून होत नाही, नसबंदी करून त्याच जागी परत सोडल्यावर होतं. असं का, ते नीट सांगते.

मांजर एखाद्या जागी राहतं ते दोन गोष्टींमुळे, खायला मिळतं आणि लपायला मिळतं. ओल्या कचऱ्याचा डबा, गटारातले उंदीर, कोणीतरी टाकलेले माशांचे काटे, आणि पार्किंगमधला कोपरा, मीटर रूम, डक्ट, बंद पडलेली गाडी. तुम्ही मांजर उचललंत तरी हे सगळं तिथेच राहतं ना. मग शेजारच्या गल्लीतला बोका, जो इतके दिवस इथल्या बोक्याला घाबरून येत नव्हता, तो येतो, त्याच्या मागे एखादी मांजरी येते, आणि नवीन आलेल्यांची नसबंदी झालेली नसते, त्यामुळे सहा महिन्यांत परत पिल्लं. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये संशोधकांनी जंगलात दोन ठिकाणी मांजरं थोडी थोडी काढून बघितली, तर दोन्हीकडे मोजणीत मांजरं कमी दिसायच्या ऐवजी जास्त दिसायला लागली, बहुधा तिथली दादा मांजरं गेल्यावर बाहेरची नवीन मोठी मांजरं मोकळ्या जागेत घुसली म्हणून.

आणि मच्छी मार्केटला सोडलेल्या मांजराचं काय होतं ते पण ऐका. तिथे आधीच पंधरा-वीस मांजरं असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते, नवीन आलेल्याला ती टिकू देत नाहीत. बिचारं एखाद्या हातगाडीखाली दबून बसतं, दिवसा बाहेर यायची हिंमत होत नाही, रात्री परत जुनी जागा शोधत निघतं आणि रस्ता ओलांडताना गाडीखाली येतं. मागे राहिलेली पिल्लं असतील तर ती दोन दिवसांत भुकेने जातात. म्हणजे सोडून येणं म्हणजे सोय लावणं नाही, हे एकदा मनात पक्कं करा. कायद्यानेही, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, उपाशी मरेल अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं गुन्हा आहे, आणि विष घालणं, मारणं, जायबंदी करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता वाढतात का इतकी, ते बघू. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, म्हणजे आपल्याला जे अजून पिल्लू वाटतं तेच गाभण असतं. साधारण नऊ आठवडे, ६३ ते ६५ दिवस, की पिल्लं, एका वेळी तीन-चार तरी. अंगावर पिल्लं पीत असतानाच काही आठवड्यांत ती परत माजावर येऊ शकते. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान होतात तेव्हा मांजरींचा माज थांबतो, आपल्याकडे तसा मोठा खंड पडत नाही, त्यामुळे आपल्याकडे पिल्लं जवळजवळ वर्षभर दिसतात. शिवाय बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत माज, परत तेच रात्रभर ओरडणं. ग्रुपवर ज्याची तक्रार असते ते रडणं, भांडणं, भिंतीवर मारलेली पिचकारी आणि तो उग्र वास, हे बहुतेक सगळं माजाशी आणि बोक्यांच्या हद्दीशी जोडलेलं आहे. नसबंदी झाली की मांजर तेच राहतं पण हे प्रकार खूप कमी होतात, बोक्याचे हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात एवढंच, तेवढा धीर धरा. आणि त्या काही आठवड्यांत तो पिल्लांचा बाप होऊ शकतो, हे पण लक्षात असू द्या.

इतकी पिल्लं होतात तर मग सगळीकडे मांजरंच मांजरं का नाहीत? कारण बहुतेक मरतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं, त्यातली १२७ सहा महिन्यांची व्हायच्या आत मेली किंवा गायब झाली. आपल्या पार्किंगमध्ये काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल, डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, एक दिवस दिसतं आणि दुसऱ्या दिवशी दिसत नाही. म्हणून मी नसबंदीला फक्त संख्या कमी करायचा उपाय मानत नाही, जन्माला येऊन असं मरणं थांबवायचा तो एकमेव रस्ता आहे.

करतात कसं ते सांगते, कारण लोकांना वाटतं मांजर धरायचं आणि रिक्षातून न्यायचं, तसं नसतं. आधी खाण्याची वेळ बांधायची. रोज संध्याकाळी सात म्हणजे सात, एकाच जागी, अर्ध्या तासात ताट उचलायचं. आठवडाभरात मांजरं घड्याळासारखी हजर होतात आणि मग मोजता येतात, फोटो काढता येतात, कोणती गाभण आहे, कोणाला पिल्लं आहेत, कोणाच्या कानाचं टोक कापलेलं आहे ते कळतं. कानाचं टोक म्हणजे खूण असते, भूल दिलेली असतानाच एका कानाचं टोक सरळ कापतात, काही ठिकाणी खाच पाडतात, म्हणजे लांबूनच समजतं की याचं ऑपरेशन झालंय, परत पकडून त्रास द्यायला नको.

पकडायच्या आदल्या दिवसापासून खाणं बंद, पाणी चालू. हे सगळ्यांनी पाळायला लागतं, नाहीतर चौथ्या मजल्यावरून कोणीतरी प्रेमाने पोळी टाकतं आणि मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. पिंजऱ्याचा तळ वर्तमानपत्राने झाकायचा कारण पायाला जाळी लागली की ते मागे फिरतं, अगदी शेवटी, दाबपट्टीच्या पलीकडे तळलेला बांगडा किंवा भिजवलेली सुकट ठेवायची, आणि लांब जाऊन गप्प बसायचं. मांजर येतं, दारात थांबतं, मान आत घालतं, मागे घेतं, बाजूने फेरी मारून येतं. मग एक पाय, दुसरा पाय, पाठ लांब होते, आणि पट्टीवर पंजा पडला की दार खाली येतं आणि ते आत वेड्यासारखं धडका मारायला लागतं. त्या क्षणी पळत जाऊन पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची. अंधार झाला की बहुतेक मांजरं मिनिटाभरात शांत होतात. हात आत घालायचा नाही, डोक्यावरून फिरवायचा नाही, बोलायचं पण नाही. बुजऱ्या मांजराला तुमच्या आवाजाने धीर येत नाही, भीतीच वाटते.

दवाखान्यात मादीचं गर्भाशय आणि अंडाशय काढतात, बोक्याचे वृषण काढतात, सोबत रेबीजची लस देतात, जमलं तर मांजरांच्या इतर आजारांची पण द्या म्हणून सांगा. बोका साधारण एक दिवसात आणि मांजरी दोन-तीन दिवसांत परत सोडता येते, पण ते डॉक्टर ठरवतील. अंगावर पिणारी पिल्लं असतील तर पकडायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, तिला लवकर परत पोचवावं लागतं. आणि परत म्हणजे जिथून उचललं तिथेच, त्याच पार्किंगमध्ये, दुसऱ्या विंगला पण नको.

हे सगळं मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार इथे अडतं हे मला माहीत आहे. मुंबईत महापालिकेचा मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम आहे, फेलाईन फाउंडेशनसारख्या फक्त मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर आपल्या आजोबांच्या वेळेपासून आहे. पुण्यात, ठाण्यात, गोव्यात पण संस्था आहेत आणि बऱ्याच जणी पिंजरा वापरायला देतात. पण त्यांच्याकडे माणसं कमी आणि फोन जास्त, त्यामुळे या आणि घेऊन जा असं म्हणून चालत नाही, खाऊ घालणारे, पकडणारे, गाडी काढणारे आणि दोन दिवस बाल्कनीत पिंजरा ठेवणारे सोसायटीतूनच लागतात. सोसायटीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढली तर फारच सोपं होतं, आणि दर वर्षी पेस्ट कंट्रोलला पैसे देतोच की आपण.

एक मात्र पाळा. एक-एक करत वर्षभर नका रेंगाळू. दहा मांजरं असतील आणि त्यातली तीन झाली तर उरलेल्या सात जणांची पिल्लं सगळा हिशोब बिघडवतात. एका महिन्यात निदान सात-आठ तरी उरकायची, आधी माद्या.

सगळी मांजरं एका प्रकारची नसतात हे पण समजून घ्या कारण मदत कोणती करायची ते त्यावर ठरतं. एक असतं घरात वाढलेलं आणि भाडेकरूंनी घर सोडताना मागे टाकलेलं. ते दारात येऊन ओरडतं, शेपटी सरळ वर उभी असते, पायाला अंग घासतं. मोठी मांजरं आपसात म्याव म्याव फारशी करत नाहीत, ती भाषा मुख्यतः माणसासाठी असते, म्हणून जे तुमच्याकडे बघून ओरडतंय त्याला माणूस माहीत आहे. अशाला घर शोधायचं, रस्त्यावर ते हाल होऊन मरतं. दुसरं असतं अर्धवट माणसाळलेलं, एकाच माणसाच्या हातून खाणारं, बाकी कोणी आलं की गाडीखाली. आणि तिसरं असतं ते पूर्ण बुजरं, जन्मापासून माणसाचा हात न लागलेलं, जमिनीला चिकटून चालणारं, नजर मिळाली की फिसकारणारं. या तिसऱ्याला घरात कोंडून प्रेम करायला जाऊ नका. ते त्याच्यासाठी प्रेम नाही, कैद आहे. त्याला हवं ते खाणं, पाणी, पावसात कोरडी जागा आणि आपण लांब राहणं. पिल्लं मात्र दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाला सरावतात, त्या वयात मिळाली तर बुजऱ्या आईची पिल्लंसुद्धा घरची होतात, पुढे जितका उशीर तितकं अवघड.

पण म्हणून दिसलं पिल्लू की उचल असं करू नका. आपल्याकडे म्हणतातच की मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, आणि ते खरंच आहे, ती एकेक करून तोंडात धरून हलवते, त्यामुळे एकटं पडलेलं पिल्लू बऱ्याचदा अनाथ नसतं, आई दुसऱ्याला ठेवायला गेलेली असते किंवा खायला शोधत असते. आपण तिथेच उभे राहिलो तर ती येणारच नाही. लांब जा, शक्यतो नजरेआड. आई येऊन गेली का ते कळायला पिल्लांभोवती कणकेची पातळ रेघ टाकून ठेवा, पंजे उमटले तर आली होती. पिल्लं गोल पोटाची आणि गाढ झोपलेली असतील तर आई आहे, सतत ओरडत असतील आणि पोट आत गेलं असेल, किंवा अंग गार लागत असेल, तर थांबू नका. आणि गार पिल्लाला आधी ऊब, मग दूध, हा क्रम चुकवायचा नाही, कारण गार अंगात दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून जवळ ठेवा. गाईचं दूध नको, जुलाब होतात, मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते ती आणा, पालथं ठेवून पाजा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसाने मागून हलकेच पुसा, तीन आठवड्यांच्या आतली पिल्लं स्वतःहून शी-शू करत नाहीत, आई चाटून करवते.

गावाकडच्या वाचकांसाठी एक वेगळी आणि फार महत्त्वाची गोष्ट. ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात आणि मांजराची समजून लोक घरी नेतात. ती पुष्कळदा वाघाटीची किंवा रानमांजराची असतात. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी एक-दीड किलोची, अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पांढऱ्या रेघा. तिचं पिल्लू घरी पाळणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते बहुतेक जगतही नाही. जुन्नर भागात वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस या वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थेची माणसं अशी पिल्लं संध्याकाळी त्याच फडात खोक्यात ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. तेव्हा हात न लावता तोड थोडी बाजूला वळवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.

परत सोसायटीत येते. खाणं. दूध-पोळी, दूध-भात देणारे मनाने चांगले असतात पण मोठ्या मांजराला दूध पचत नाही आणि मांजर पक्कं मांसाहारी आहे, टॉरीन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच लागतो, तो नसला तर डोळे आणि हृदय खराब होतं. कुत्र्याचं खाणंही त्याला पुरत नाही. उकडलेलं चिकन, काटे काढलेली मासळी किंवा मांजराचं तयार खाणं, कांदा-लसूण-मीठ न घालता. मुंग्या लागतात म्हणून वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीने खाऊ घालायची जागा ठरवून द्यावी असं आहे, जिना, येण्याजाण्याचं दार आणि मुलांची खेळायची जागा सोडून. ती जागा ठरली की निम्मी भांडणं मिटतात. तिथून थोडं लांब एका कोपऱ्यात वाळू टाकून ठेवलीत तर बरीच मांजरं जिन्याऐवजी तिथे जातात. पावसाळ्यात थर्माकोलचा खोका, एका बाजूला मांजर जाईल एवढंच भोक, विटेवर उचलून ठेवलेला, पुठ्ठ्याचा नको, तो पहिल्या सरीत बसतो. आणि सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, पावसात पिल्लं इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फिनाईलची, कारण ते कोणी वाईट हेतूने वापरत नाही. जिना पुसून झाला, लादी अजून ओली आहे, मांजर त्यावरून चालत गेलं आणि कोपऱ्यात बसून निवांत पंजे चाटायला लागलं. बस, गेलं पोटात. मांजराच्या लिव्हरमध्ये अशी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची जी यंत्रणा असते ती फार दुबळी आहे, माणसाला किंवा कुत्र्याला जे चालून जातं ते त्याला चालत नाही. लाळ गळते, जीभ सोलते, चाल डगमगते. काळं-पांढरं दोन्ही फिनाईल बंद करून साध्या साबणाच्या पाण्याने पुसून घ्या आणि वाळेपर्यंत लक्ष ठेवा. याच कारणाने पॅरासिटामॉल. ताप वाटतोय म्हणून दिलेली आपली एक गोळी मांजराचा जीव घेते, लहान तुकडासुद्धा द्यायचा नाही. कुत्र्यांचं गोचिडाचं औषध पण मांजराला लावायचं नाही, त्यातलं परमेथ्रिन त्याला झटके आणतं.

आजारांची भीती खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. रेबीज मांजरालाही होतो. चावलं किंवा रक्त येईल असं बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, हळद-चुना काही लावायचं नाही. म्हणूनच नसबंदीबरोबर रेबीजची लस हवी, लस टोचलेली मांजरं हाकलून तुम्ही बिनलसीची बोलावताय हे लक्षात घ्या. गरोदर बायकांना टोक्सोप्लाझ्मोसिसची, म्हणजे मांजराच्या शीतल्या जंतूने होणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या आजाराची भीती घालतात, तर मांजर तो जंतू सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडेच शीमधून टाकतं, आणि बाहेर पडल्यावर तो निदान एक दिवसाने लागण करण्याजोगा होतो. अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी यातूनही तो येतो. गरोदरपणात मांजराची शी दुसऱ्याला काढू द्या, मातीत हात घालताना ग्लोव्हज घाला, एवढं पुरे.

आणि मांजर पक्षी, सरडे, खारी मारतं, हेही तितकंच खरं, नाकारून उपयोग नाही. त्यामुळे संजय गांधी उद्यानाच्या कडेला, आरेत किंवा कुठल्याही जंगलाजवळ मांजर नेऊन सोडणं दुप्पट वाईट, मांजरालाही आणि तिथल्या जीवांनाही. अशा ठिकाणची पाळलेली मांजरं घरातच ठेवायला हवीत.

किती वेळ लागतो? फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात हे काम अकरा वर्षं नोंदी ठेवून केलं. १९९६ मध्ये कॅम्पसवर ६८ मांजरं होती, २००२ मध्ये २३ उरली, आणि १९९५ नंतर तिथे पिल्लू जन्मलं नाही. पण त्यात जवळजवळ निम्म्या मांजरांना घरं मिळाली होती, नुसत्या ऑपरेशनने आकडा इतका उतरला नसता. आणि नवीन मांजरं अधूनमधून येतच होती, ती लगेच पकडली जायची. आपल्याकडेही तेच करायचंय, माणसाळलेल्यांना आणि पिल्लांना घरं शोधायची, बाकीच्यांना सांभाळायचं, आणि पार्किंगमध्ये नवीन चेहरा दिसला की आधी त्याचे कान बघायचे, टोक शाबूत असेल तर त्याच आठवड्यात पिंजरा मागवायचा.